राखीव नमुन्यांचं कपाट

व्हिनेगरचा प्रत्येक लॉट बाहेर पडताना त्यातली एक बाटली मागे ठेवायची, झाकणावर मेण ओतायचं, चिठ्ठीवर लॉट क्रमांक आणि तारीख घालायची. पुढे कुणाची तक्रार आली तर हीच बाटली उघडून बघायची. खाद्यपदार्थांच्या कारखान्यांत ही पद्धत असतेच, आणि मुदत उलटली की बाटल्या ओतून टाकतात. आमच्याकडे त्या ओतल्या गेल्या नाहीत. माझ्याआधीच्या केमिस्टच्या जिवावर आलं असावं. माझ्या तर आलंच. त्यामुळे गोव्यात सासष्टीतल्या आमच्या छोट्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत, एका लाकडी कपाटात, माडीच्या व्हिनेगरची बरीच वर्षं ओळीनं उभी आहेत. वरच्या फळीवर यंदाचं, फिकट पिवळसर आणि थोडं गढूळ. मधल्या फळ्यांवर रंग चढत जातो. अगदी खालचं कोऱ्या चहासारखं, तळाशी तपकिरी साका धरलेलं.

कारखाना बघायला येणारी माणसं या कपाटाशी थांबतात आणि खालच्या फळीकडे बोट दाखवून विचारतात, “हे तर एकदम कडक झालं असेल ना?” लोणचं मुरतं, दारू जुनी झाली की तिचा भाव वाढतो, मग व्हिनेगरही वर्षागणिक जास्त आंबट होत जाणार, असा त्यामागचा हिशोब. मी वाद घालत नाही, ब्युरेट भरते. व्हिनेगर मोजून घ्यायचं, उकळून गार केलेल्या पाण्यात पातळ करायचं, फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब टाकायचे आणि वरून सोडियम हायड्रॉक्साइड सोडत राहायचं. गुलाबी छटा आली आणि टिकली की थांबायचं. (खालच्या फळीवरच्या बाटल्यांत ही छटा तपकिरीत बुडून जाते. तिथे भरपूर पाणी घालावं लागतं, नाहीतर सरळ पीएच मीटर लावावा लागतो.) आकडा निघाला की पाहुण्यांचा हिरमोड होतो. भरताना ज्याची नोंद ४.९ टक्के होती ते इतक्या वर्षांनी ४.८ च्या आसपास असतं. वाढ नाहीच, झालीच तर किंचित घट.

न वाढण्याचं कारण साधं आहे. माडी काढणारा रेंदेर दिवसातून तीनदा माडावर चढतो. सकाळ-संध्याकाळ रस उतरवायला, दुपारी पोय (फुलोऱ्याचा कोंब) तासायला. रस मडक्यात जमा होतानाच आंबायला लागतो, यीस्ट त्यातल्या साखरेचं अल्कोहोल करतं आणि त्याची माडी होते. गोव्यात हिलाच सूर म्हणतात. ही माडी उघड्या तोंडाच्या भांड्यात राहू दिली की ॲसिटिक आम्ल करणारे जिवाणू हवेतला ऑक्सिजन घेऊन अल्कोहोलचं आम्ल करतात. कागदावर एक ग्रॅम अल्कोहोलपासून १.३ ग्रॅम आम्ल मिळायला हवं. प्रत्यक्षात काही उडून जातं, काही जिवाणू स्वतःसाठी खर्च करतात, त्यामुळे हाती कमीच लागतं. पण मुद्दा असा, की आम्ल अल्कोहोलमधूनच येतं. अल्कोहोल संपलं की आंबटपणा वाढायचा थांबला. काचेच्या बंद बाटलीत वर्षानुवर्षं बसून व्हिनेगर आणखी आंबट व्हायचं म्हटलं तर होणार कशातून?

यात एक बारकावा आहे, आणि आमच्या धंद्याचं अर्धं शहाणपण त्यात आहे. अल्कोहोल पार संपू द्यायचं नसतं. अर्ध्या टक्क्याच्या आत-बाहेर ते शिल्लक असतानाच भांडं थांबवायचं. म्हणजे गाळून, गरम करून, किंवा निदान हवा तोडून. नवख्या माणसाला वाटतं, अल्कोहोल शिल्लक म्हणजे काम अर्धवट राहिलं. प्रत्यक्षात ते शिल्लक असतं तोवर जिवाणू त्यात गुंतलेले असतात. ते संपलं आणि वर हवा मिळतच राहिली, तर ॲसिटोबॅक्टर गटातले बरेच जिवाणू आपणच केलेल्या आम्लाकडे वळतात आणि त्याचं पाणी आणि कार्बन डाय-ऑक्साइड करून टाकतात. ज्यांनी व्हिनेगर केलं तेच ते खाऊन टाकतात.

हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि गोदामातून परत आलेला ड्रम बघणं वेगळं. एका ठोक व्यापाऱ्यानं आमच्याकडून न तापवलेलं, जिवंत व्हिनेगर नेलं होतं. काही गिऱ्हाइकांना तसंच लागतं. अर्धा ड्रम विकला गेला, उरलेला सैल झाकणानं पावसाळाभर तसाच पडून राहिला, आणि गणपतीच्या सुमारास “तुमचं व्हिनेगर पाणचट आहे” म्हणून परत आला. मी टायट्रेशन केलं. आम्ल तीन टक्क्यांच्याही खाली. कायद्यानं ते किमान ३.७५ टक्के असावं लागतं. त्याच लॉटची राखीव बाटली काढली, तिच्यात ४.८. व्यापाऱ्याची खात्रीच होती की आम्ही पाणी घातलं. पाणी झालं होतं हे खरंच, पण ते ड्रमातच. भरलेल्या ड्रममध्ये हवेला जागा नव्हती. अर्ध्या रिकाम्या ड्रममध्ये शंभरेक लिटर हवा होती आणि झाकण सैल असल्यामुळे ती संपतही नव्हती. अशा व्हिनेगरचा धोका फक्त चवीपुरता नसतो. त्यात कांदे किंवा मिरच्या घालणाऱ्यानं आम्लाच्या भरवशावर घातलेल्या असतात. आम्ल उतरलं की बुरशीला आणि इतर जंतूंना मोकळं रान मिळतं.

लुई पाश्चरनं हे सगळं बघून ठेवलं होतं. फ्रान्समध्ये ऑर्लेआं हे व्हिनेगरवाल्यांचं गाव. तिथल्या उत्पादकांसमोर १८६७ मध्ये त्यानं व्याख्यान दिलं आणि पुढच्या वर्षी त्यावर पुस्तक काढलं. व्हिनेगर करणारा, पृष्ठभागावर धरणारा पातळ पापुद्रा सजीव आहे, आणि अल्कोहोल संपल्यावर तोच आम्ल जाळतो, हे त्यानं दाखवलं. उपायही सांगितला, की तयार व्हिनेगर थोडं तापवा आणि बंद करा. दुधाच्या पिशवीवर आपण त्याचं नाव वाचतो, पण पाश्चरायझेशनची कल्पना त्याच्या हाती घडली ती वाइन आणि व्हिनेगरवर.

आम्हाला माडीचं व्हिनेगर पुरवणाऱ्या एक आंटी आहेत. त्यांनी पाश्चरचं नाव ऐकलेलं असण्याचं कारण नाही. त्यांच्या घरी चिनी मातीच्या मोठ्या बरण्या आहेत. मोठी बरणी एकदा फोडली की त्या तिच्यातून रोज थोडं-थोडं काढत नाहीत. त्याच दिवशी सगळं लहान बरण्यांत आणि बाटल्यांत गळ्यापर्यंत भरतात आणि घट्ट बंद करतात. घरातल्या कुणी अर्धी बाटली तशीच ठेवली तर त्यांचा आवाज गल्लीत ऐकू जातो. कारण विचारलं तर “तशें केल्यार पाड जाता” (तसं केलं की बिघडतं), एवढंच. माझ्या मते व्हिनेगर साठवण्याबद्दल याहून महत्त्वाचा नियम नाही. त्यांच्या दुसऱ्या एका रिवाजाबद्दल मात्र मला शंका आहे. कौलाचा तुकडा चुलीत लाल करून त्या तो व्हिनेगरमध्ये टाकतात. गोव्यात पूर्वीपासून बऱ्याच घरांत हे करतात. चर्र आवाज येतो, करपट वास सुटतो, रंग थोडा बदलतो. पण एवढ्या मोठ्या बरणीतलं सगळं व्हिनेगर जंतू मरण्याइतकं त्या एका तुकड्यानं तापत नाही. हे त्यांना सांगायची मात्र माझी हिंमत नाही.

साठवणीतल्या जिवंत व्हिनेगरचे आणखी दोन चमत्कार तक्रारीच्या रूपानं माझ्या टेबलावर येतात. एक म्हणजे ‘जेली’. बाटलीत पांढरट, लिबलिबीत गोळा तरंगताना दिसला की हॉटेलवाले घाबरतात. तो सेल्युलोजचा पडदा असतो, जिवाणूंनीच विणलेला, व्हिनेगरची ‘मदर’. काढून टाकायचा, व्हिनेगर वापरायचं. दुसरा चमत्कार समजावणं अवघड आहे. बाटली उजेडासमोर धरली की पृष्ठभागाजवळ केसापेक्षा बारीक काहीतरी वळवळताना दिसतं. हे व्हिनेगरमधले सूत्रकृमी, लांबीनं फार तर दोन मिलिमीटर. माणसाला त्यांचा काही अपाय नाही. रॉबर्ट हूकनं १६६५ च्या आपल्या ‘मायक्रोग्राफिया’त त्यांचं वर्णन केलं आहे. त्यांनाही हवा लागते, म्हणून ते वरच्या थरात गर्दी करतात. ही सगळी माहिती हॉटेलच्या मॅनेजरला देऊन उपयोग नसतो. मी कॅन बदलून देते आणि परत आलेल्यातले थोडे कृमी सूक्ष्मदर्शकाखाली बघते, कारण ते बघायला मला आवडतं.

आता रंग. व्हिनेगर गाळलं, तापवलं, बाटली सील केली, म्हणजे त्यातलं जिवंत प्रकरण मिटलं. तरी कपाटातल्या बाटल्या गडद होत गेल्याच. हे काम जिवाणूंचं नाही. माडाच्या रसातली थोडी साखर आणि अमायनो आम्लं व्हिनेगरमध्ये उरलेली असतात. ती एकमेकांशी संयोग पावत जातात आणि तपकिरी रंगद्रव्यं तयार होतात. भाकरीचा पापुद्रा तव्यावर ज्या प्रक्रियेनं लालसर होतो तीच ही प्रक्रिया. इथे आम्लामुळे आणि कमी तापमानामुळे ती महिनोन् महिने चालते. तापमान वाढलं की ती पळते. एका उन्हाळ्यात जागा पुरेना म्हणून एकाच लॉटचे काही खोके पत्र्याच्या शेडमध्ये ठेवले, बाकीचे चिऱ्याच्या भिंतींच्या जुन्या खोलीत. पाऊस लागायच्या आत शेडमधल्या बाटल्या शेजारी ठेवल्या तर निदान वर्षभर मोठ्या वाटत होत्या. म्हणून रंग बघून व्हिनेगरचं वय सांगणाऱ्या माणसाला मी मानत नाही. उन्हात ठेवा, म्हातारं दिसेल. शिवाय नियमांप्रमाणे कॅरमेलचा रंग घालायला मुभा आहेच.

कपाटाच्या खालच्या फळीवर, सगळ्यात काळ्या बाटलीशेजारी, एक बाटली पाण्यासारखी नितळ आहे. माझ्याआधीच्या केमिस्टनं मुद्दाम ठेवलेली. ते कृत्रिम व्हिनेगर, कारखान्यात बनलेलं ॲसिटिक आम्ल पाण्यात मिसळून केलेलं. चायनीजच्या गाडीवर मिरच्या ज्यात बुडवलेल्या असतात ते बहुतेक हेच. लेबलवर ‘सिंथेटिक’ असा स्पष्ट उल्लेख कायद्यानं बंधनकारक आहे, तो वाचतं कोण हा प्रश्न वेगळा. त्यात साखर नाही, अमायनो आम्लं नाहीत, अल्कोहोल नाही. म्हणून त्यात काही घडतही नाही. किती वर्षं ठेवा, वास तोच, रंग तोच. कुणाला हा गुण वाटेल. काचा पुसायला असेलही.

वासाची गोष्ट सर्वांत गुंतागुंतीची आणि मला सर्वांत प्रिय. ताज्या व्हिनेगरची बाटली उघडली की नाकात जो झटका बसतो तो नुसत्या आम्लाचा नसतो. अर्धवट झालेल्या रूपांतरातून उरलेलं ॲसिटाल्डिहाइडसारखं हलकं, उडणारं द्रव्य त्यात असतं. साठवणीत ते इतर घटकांशी बांधलं जाऊन कमी होतं. दुसरीकडे, मघाशी सांगितलेलं शिल्लक अल्कोहोल आम्लाशी हळूहळू संयोग पावतं आणि इथिल ॲसिटेट हे एस्टर तयार होतं. व्हिनेगरमध्ये पाणीच फार, त्यामुळे हा समतोल पुन्हा-पुन्हा मागे रेटला जातो आणि एस्टर थोडंच बनतं. पण नाकाला थोडंच पुरतं. प्रमाणात असेल तर फळासारखा गोडसर वास येतो, जास्त झालं की नेलपॉलिश काढायच्या द्रवाचा. ज्या अर्ध्या टक्क्यानं आम्लाची राखण केली, त्याच अर्ध्या टक्क्यातून पुढे सुगंध निघतो. टायट्रेशनमधली ती किंचित घटही काही अंशी याचीच. एस्टरमध्ये गेलेलं आम्ल आम्ल म्हणून मोजलं जात नाही.

आम्ही हे तपासून बघतो. पेल्यांना बाहेरून काळा कागद गुंडाळायचा, म्हणजे रंग दिसत नाही. पॅकिंगच्या बाया, ड्रायव्हर, हिशेबनीस, जो मोकळा असेल त्याला बोलवायचं. यंदाचं आणि दोन वर्षांपूर्वीचं, दोन्हींची आम्लता पाणी घालून सारखी केलेली. जवळजवळ सगळे जुन्याला ‘कमी आंबट’ म्हणतात. पीएचसुद्धा जवळपास सारखाच असतो, तरी जिभेला आणि नाकाला ते सौम्य लागतं. म्हणजे पाहुणे म्हणतात त्याच्या नेमकं उलट: मुरलेलं व्हिनेगर कडक लागत नाही, मऊ लागतं. आणि हेही कायमचं नाही. आमच्या बाटल्यांपुरतं बोलायचं तर दोन-तीन वर्षांपर्यंत वास खुलत जातो, मग काही काळ तसाच राहतो, आणि त्यानंतर शिळ्या गुळाच्या पाकाकडे झुकतो. अगदी खालच्या फळीवरचं व्हिनेगर दिसायला भारदस्त आहे, पण मी ते कोशिंबिरीवर घालणार नाही. निरुपद्रवी आहे, सुरक्षित आहे. लेबलविषयीच्या जागतिक मानकात व्हिनेगरला ‘अमुक तारखेपूर्वी वापरा’ या सक्तीतून सूट आहे ती उगाच नव्हे. पण खराब न होणं आणि चांगलं होत जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बाजारात त्यांची सर्रास गल्लत होते.

आमच्या मालकांनी ती करायची ठरवली होती. पणजीच्या एका दुकानात त्यांनी इटलीच्या बाल्सामिक व्हिनेगरची छोटी बाटली आणि तिची किंमत पाहिली. परत आल्यावर म्हणाले, “मॅडम, आपल्याकडेही जुना माल पडलाय. ‘एज्ड’ छापून विकूया.” पडून राहणं म्हणजे मुरणं नव्हे, हे सांगण्यात माझी ती दुपार गेली. मोडेनाचं पारंपरिक बाल्सामिक किमान १२ वर्षांचं, वरच्या दर्जाचं २५ वर्षांचं असतं हे खरं. पण ती वर्षं बाटलीतली नव्हेत. द्राक्षांचा आटवलेला रस आंबवून तो माळ्यावरच्या पिंपांच्या रांगेत ठेवतात. पिंपं उतरत्या आकाराची, ओक, चेस्टनट, चेरी, तुती अशा वेगवेगळ्या लाकडांची. उन्हाळ्यात पाणी लाकडातून उडतं, माल दाटतो. दरवर्षी सर्वांत लहान पिंपातून थोडं काढतात आणि प्रत्येक पिंपाची तूट त्याच्याआधीच्या मोठ्या पिंपातून भरतात. शेवटी ते शंभर मिलिलिटरच्या बाटलीत जातं आणि तिथे मुरणं थांबतं. मधल्या काळात किती माल हवेत गेला याची किंमत त्या चिठ्ठीवर असते.

इतकं लांब जायचीही गरज नाही. नवसारीला कोलाह यांचं दुकान १८८५ पासूनचं; त्यांचं उसाच्या रसाचं व्हिनेगर लाकडी पिंपांत मुरवलेलं असतं, आणि मुंबईच्या पारशी घरांत पातियो या पदार्थाला तेच लागतं म्हणून अडून बसणारी माणसं मी पाहिली आहेत. मी मालकांना म्हटलं, जुनं विकायचं असेल तर पिंपं घ्या आणि तूट सोसा. त्यांनी नाइलाजानं थोडी पिंपं घेतली. उन्हाळ्यात त्यांची पातळी उतरते आणि आम्लाचा आकडा थोडा वर सरकतो. पावसाळ्यात गोव्याची हवाच पाण्यानं भरलेली असते, लाकडातून पाणी बाहेर जायला तयार नसतं आणि आकडा तिथेच थबकतो. तूट वरचेवर भरावी लागते, नाहीतर पिंपातही त्या अर्ध्या ड्रमचीच कथा घडेल. लोखंडी पट्टीचा गंज आत उतरू द्यायचा नाही, कारण लाकडातलं टॅनिन आणि लोह मिळाले की व्हिनेगर काळपट निळं पडतं. मालक दर महिन्याला पातळी बघतात आणि उडालेले लिटर रुपयांत मोजतात.

या पिंपातला पहिला नमुना मी ज्यांना मुद्दाम दिला ते चोरीस, म्हणजे गोव्याचे सॉसेज, करणारे आमचे जुने गिऱ्हाईक. मे महिन्यात, पुरुमेंताच्या म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीच्या गडबडीत, ते टेम्पो घेऊन येतात. डुकराचं मांस, मिरची, लसूण, मसाला, मीठ आणि व्हिनेगर. पावसाळाभर टिकणाऱ्या मालाचा भार मिठाइतकाच व्हिनेगरवर असतो, त्यामुळे त्यांचं नाक माझ्यापेक्षा तयार आहे. त्यांनी पेला हुंगला, घोट घेतला, डोळे मिटले आणि “बरें आसा” म्हणाले. मग दर विचारला. मग हसले आणि यंदाच्या लॉटचा आम्लाचा आकडा दाखवा म्हणाले. पाचच्या खाली असेल तर नको, वासाचं काम माझा मसाला करेल. जातीनं उभं राहून त्यांनी कॅन चढवून घेतले. या वेळी पस्तीस लिटरचे नको, पाच लिटरचे द्या, असा त्यांचा आग्रह होता, कारण मोठा कॅन उघडला की एका दिवसात संपत नाही.